वैमानिक, व्यापारी आणि मोंढा
(सिडनी कॉटनच्या हैदराबादेतील उड्डाणांचा मराठवाड्याच्या दृष्टीने विचार)

१

सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादच्या पोलीस कारवाईचा इतिहास लिहिताना दिल्ली व हैदराबाद यांमधील वाटाघाटी, निजामाची फर्माने, लायक अली यांचे मंत्रिमंडळ आणि सोलापूरहून निघालेले भारतीय सैन्य यांचा परामर्श बहुतेक ग्रंथकारांनी घेतलेला आहे. या कथानकात एक परदेशी वैमानिक मधूनच डोकावतो आणि लगेच नाहीसा होतो. कराचीहून रात्रीच्या वेळी शस्त्रे भरून त्याची विमाने निघत आणि बिदर व वरंगळ येथील विमानतळांवर उतरत. या वैमानिकाचे नाव फ्रेडरिक सिडनी कॉटन. पहिल्या महायुद्धात लढलेला, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हवाई छायाचित्रणाचा पाया घालणारा आणि दोन युद्धांच्या मधल्या काळात नाना तऱ्हेचे व्यापार करून पाहिलेला असा हा गृहस्थ होता. त्याचे चरित्र साहसकथेच्या अंगाने वारंवार सांगितले गेले आहे. परंतु त्याच्या विमानांतील माल ज्या प्रदेशात उतरला, त्या प्रदेशाच्या बाजूने ते क्वचितच वाचले गेले.

हा प्रदेश कोणता, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. लातूर शहर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा ऑगस्ट १९८२ मध्ये अस्तित्वात आला. उदगीर किंवा निलंग्याच्या रहिवाशास कोर्टकचेरीसाठी जावे लागे ते बिदरलाच. तेव्हा कॉटनची विमाने जेथे उतरली ते ठिकाण मराठवाड्यातील या तालुक्यांचे जिल्ह्याचे गाव होते. बिदर आज कर्नाटकात आहे. या एका कारणामुळे मराठवाड्याच्या इतिहासातून त्या विमानतळाचा उल्लेख गळावा, हे युक्त नव्हे.

प्रस्तुत निबंधाचा हेतू मर्यादित आहे. एका व्यापारी वैमानिकाचे आयुष्य आणि लातूर-नांदेड भागातील लहान गावच्या दुकानदाराचे आयुष्य ही १९४८ साली एकाच घटनेत कशी गुंतली, आणि त्या व्यवहारातील जमा व नावे कोणाच्या खात्यावर पडली, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

मराठवाड्यातील बाजाराच्या गावाला मोंढा असतो. लातूरचा बाजार गंज या नावाने प्रसिद्ध असून त्याच्या मध्यवर्ती गोलाईस सोळा रस्ते येऊन मिळतात. नांदेड गोदावरीच्या काठी, मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्गावर वसलेले. कापसाचा व्यापार आणि उस्मानशाही मिल यांमुळे त्याची भरभराट झाली. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली पोहोचली. गावच्या व्यापाराला तिने जसा वेग दिला, तशीच एक अडचणही दिली. कारण बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील, म्हणजे इंग्रजी मुलखातील गाव, तर लातूर निजामाच्या मुलखातील. लातूरच्या आडत्याचा माल सरहद्द ओलांडल्याखेरीज बाजारात जातच नसे.

सरहद्दीवर करोडगिरीचा नाका असे. हा शब्द मोठा बोधक आहे. मोगल काळात ‘करोडी’ म्हणजे एक कोट दामांच्या वसुलीचा अधिकारी. हैदराबाद संस्थानात त्या पदनामावरून सिद्ध झालेला ‘करोडगिरी’ हा शब्द जकातीच्या खात्याला रूढ झाला, आणि मराठवाड्यातील वृद्धांच्या बोलण्यात तो अलीकडेपर्यंत जिवंत होता. कंपनी सरकारशी १८०२ साली झालेल्या व्यापारी तहाने या जकातीचे प्रमाण शेकडा पाच ठरले होते. याशिवाय चलनाची दुहेरी पद्धत होतीच. संस्थानचा उस्मानिया शिक्का, ज्याला लोक ‘हाली’ म्हणत, आणि इंग्रजी ‘कलदार’ हे दोन्ही रुपये पेठेत फिरत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा सामान्य हिशेब होता. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. लातूरच्या वा उमरीच्या दुकानदाराला कीर्द-खतावणी लिहिताना हे गणित रोज करावे लागे.

या दुकानदारांत लिंगायत वाणी, मारवाडी, कोमटी, कच्छी मुसलमान असे अनेक समाज होते. दुकानात विकावयाच्या मालापैकी मीठ, रॉकेल, साखर आणि गिरणीचे कापड हा बहुतांशी संस्थानाबाहेरून येणारा माल. तर बाहेर जाणारा माल कापूस, भुईमूग, तूर आणि ज्वारी. सरहद्द मोकळी असणे ही या वर्गाची जीवनावश्यक गरज होती. १९४७-४८ मध्ये नेमकी हीच गोष्ट नाहीशी झाली.

३

हैदराबाद संस्थान आणि लढाऊ विमान यांचा संबंध मात्र कॉटनपासून सुरू होत नाही. पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान यांनी दिलेल्या देणगीतून इंग्रजी हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डी.एच. ९ ए जातीची विमाने मिळाली. ती तुकडी सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर गेली आणि ‘हैदराबाद’ हे नाव तिच्याशी जोडले गेले. दुसऱ्या महायुद्धात १५२ आणि २५३ क्रमांकाच्या तुकड्यांनाही हेच नाव मिळाले. १५२ वी तुकडी १९४० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटफायर विमानांनी लढली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तिच्या बोधचिन्हावर निजामाचे शिरोभूषण होते आणि ब्रीदवाक्य होते ‘विश्वासू मित्र’. इंग्रज सरकारने १९१८ साली निजामास दिलेल्या ‘यार-ए-वफादार’ या किताबाचाच तो अनुवाद होय.

येथे भाषेने एक योगायोग घडवून आणला आहे. मराठवाड्यातील ग्रामीण बोलीत शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ होतो. विहिरीची इहीर, विस्तवाचा इस्तव, त्याचप्रमाणे विमानाचे ‘इमान’. निष्ठा या अर्थाचा अरबी ‘इमान’ हा शब्दही याच बोलीत नित्याचा आहे. निजामाने आपल्या इमानाची साक्ष म्हणून विमाने द्यावीत आणि प्रजेच्या तोंडी दोन्ही वस्तूंना एकच शब्द असावा, यातून कोणताही सिद्धान्त काढण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट लक्षात येते. ज्या खजिन्यातून ही देणगी गेली त्यात मोंढ्यातील करोडगिरीचा आणि शेतसाऱ्याचा वाटा होता, तरी विमान ही वस्तू मराठवाड्याच्या जीवनात दूरची, कानांवर आलेलीच राहिली. प्रजेने तिचा भार वाहिला, उपयोग पाहिला नाही.

हैदराबादच्या रहिवाशांपैकी काहींनी स्वतः युद्धात विमाने चालविली, हेही नमूद केले पाहिजे. हैदराबादेत १९२३ साली जन्मलेले इद्रीस हसन लतीफ १९४२ मध्ये भारतीय हवाई दलात अधिकारी झाले आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढले. पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. लातूर जिल्हा त्यांच्याच कारकिर्दीत निर्माण झाला. फाळणीच्या वेळी लतीफ यांनी भारतीय हवाई दलात राहणे पसंत केले. हैदराबादचा युद्धकालीन वैमानिक म्हणजे निजामाच्या बाजूचा मनुष्य, असे समीकरण त्यामुळे मांडता येत नाही.

४

कॉटनचा जन्म १७ जून १८९४ रोजी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात, गुरे पाळणाऱ्या एका सधन घराण्यात झाला. १९१५ च्या अखेरीस तो इंग्लंडच्या नाविक दलाच्या हवाई शाखेत भरती झाला. त्या काळी वैमानिकाची बैठक उघडी असे आणि उंचीवरील थंडीने बोटे बधिर होत. एकदा तेलाने माखलेल्या कामाच्या कपड्यांतच उड्डाण केल्यावर आपणास इतरांपेक्षा थंडी कमी वाजली, हे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून त्याने तीन थरांचा अंगभर पोशाख शिवून घेतला. आत पातळ फर, मध्ये वारा न शिरणारे रेशीम आणि बाहेर दाट विणीचे कापड अशी त्याची रचना होती. त्याच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सिडकॉट’ हे नाव पडले आणि पुढे कित्येक वर्षे निरनिराळ्या देशांचे वैमानिक तो वापरीत राहिले. एका साध्या निरीक्षणातून वस्तू घडविणे आणि तिचा उपयोग पसरविणे, हा त्याचा स्वभावधर्म येथेच दिसतो.

युद्धानंतर तो न्यू फाउंडलंडमध्ये गेला. तेथे विमानातून सीलचे कळप हेरून शिकारी जहाजांना कळविणे, टपाल नेणे, असे उद्योग त्याने केले. चौथ्या दशकात ड्यूफेकलर नावाच्या रंगीत फिल्मच्या विक्रीत तो शिरला. हाच धंदा पुढे त्याच्या गुप्त कामाचा बुरखा झाला. १९३९ मध्ये इंग्रज गुप्तचर खात्यासाठी त्याने लॉकहीड विमानात कॅमेरे दडवून जर्मनीवर आणि भूमध्य समुद्राच्या परिसरात छायाचित्रे घेतली. बाहेरून पाहणाऱ्यास तो फिल्म विकणारा व्यापारीच वाटे, आणि तसा तो होताही. युद्ध सुरू झाल्यावर हेस्टन येथे छायाचित्रणाची तुकडी उभारण्याचे काम त्याच्यावर सोपविले गेले. स्पिटफायरमधील तोफा व अनावश्यक वजन काढून, विमानास आकाशात मिसळणारा फिका रंग देऊन, केवळ वेग आणि उंची यांच्या बळावर शत्रूच्या मुलखाची छायाचित्रे घ्यावीत, हा त्याचा आग्रह होता. तो यशस्वी झाला; परंतु कार्यालयीन रीतिभाती झुगारण्याच्या त्याच्या स्वभावामुळे जून १९४० मध्ये त्याला त्या पदावरून दूर करण्यात आले. १९४१ साली त्याला ओ.बी.ई. ही पदवी मिळाली आणि त्याच सुमारास त्याची लष्करी कारकीर्द संपली.

यावरून कॉटनचे एक लक्षण ठरविता येते. तो पगारी सैनिक नव्हता, तसाच निव्वळ सौदागरही नव्हता. अडलेली वाट शोधून काढणे आणि त्या वाटेने माल पोहोचविणे यात त्याला रस होता. माल कोणता आणि घेणारा कोण, हा प्रश्न त्याच्या दृष्टीने दुय्यम असे. अशा मनुष्यास १९४८ मधील हैदराबाद ही एक उत्तम पेठ वाटली, यात नवल नाही.

५

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पाठोपाठ निजाम सरकारने वटहुकूम काढून भारतीय चलन संस्थानात बेकायदेशीर ठरविले आणि मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंधने घातली. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज देण्याचा प्रश्नही याच वेळी उपस्थित झाला. राज्यशास्त्राच्या ग्रंथांत या गोष्टी कराराचा भंग म्हणून नोंदल्या जातात. लातूरच्या व्यापाऱ्याच्या बाजूने पाहिले तर बार्शी-सोलापूरच्या पेठेशी चाललेला त्याचा रोजचा कलदारातील व्यवहार एका फटक्यात गुन्हा ठरला. उलट बाजूने भारत सरकारने संस्थानात जाणाऱ्या मालावर निर्बंध घातले. मीठ, पेट्रोल, औषधे, कापड यांची टंचाई सुरू झाली.

याच काळात कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांचा जोर वाढला. रझवी हे लातूरचेच वकील. खेड्यापाड्यांतील लुटालूट, खंडणी आणि जाळपोळ यांस कंटाळून अनेक कुटुंबांनी दुकानांस कुलपे लावून बार्शी, सोलापूर, उमरखेड अशा सरहद्दीपलीकडील गावांचा आश्रय घेतला. स्टेट काँग्रेसची शिबिरेही सरहद्दीवरच उभी राहिली आणि तेथून सशस्त्र प्रतिकार चालू झाला. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली, आणि तो पैसा लढ्याच्या कामी लावला. दोन्ही बाजूंचे लढे बाजारगावाभोवती फिरू लागले, याचे कारण उघड आहे. पैसा, धान्य आणि रस्ता ही तिन्ही तेथे होती.

अशा स्थितीत कॉटनने युद्धोत्तर बाजारात उपलब्ध असलेली लँकेस्ट्रियन जातीची विमाने मिळविली. हे विमान म्हणजे लँकेस्टर या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचेच प्रवासी व मालवाहू रूप. लांब पल्ला आणि मोठे वजन यांसाठी ते योग्य होते. कराची ते बिदर किंवा वरंगळ हे अंतर भारतीय प्रदेशावरून रात्रीच्या अंधारात कापून शस्त्रे आणि इतर साहित्य उतरविले जाई. आपण वेढा पडलेल्या राज्यास मदत करीत होतो, अशी कॉटनची भूमिका होती. औषधांची टंचाई खरी होती, तेव्हा या भूमिकेत काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु विमानांतून आलेला मुख्य माल शस्त्रांचा होता. मोंढ्यातील दुकानात ज्या मिठाचा आणि रॉकेलचा तुटवडा होता, तो या उड्डाणांनी भरून निघण्यासारखा नव्हता. बैलगाडी आणि बार्शी लाइट यांनी जो माल येत होता त्याची जागा विमान घेऊ शकत नाही. विमान राज्यकर्त्यांना धीर देऊ शकते, आणि येथे त्याने नेमके तेच केले.

कॉटनच्या उड्डाणांचे खरे ऐतिहासिक महत्त्व या धीरात आहे. शस्त्रांच्या संख्येने युद्धाचा निकाल बदलला नाही. तथापि आकाशमार्गे मदत येत आहे या कल्पनेने हैदराबादेतील ज्या पक्षाला तडजोड नको होती त्याचे मनोबल वाढले, आणि दिल्लीचा संशयही तितकाच दृढ झाला. तडजोडीची मुदत दोन्ही बाजूंनी आखूड झाली.

६

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखाली सैन्य संस्थानात शिरले. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आले. भारतीय हवाई दलाची टेंपेस्ट विमाने पुण्याहून कारवाईत भाग घेत होती. बिदरकडे जाणाऱ्या मार्गावर राजेश्वरजवळ दबा धरून बसलेल्या तुकड्यांचा सुगावा हवाई टेहळणीनेच लागला, आणि त्यांवर विमानांनी मारा केला. ज्या तंत्राचा विकास करण्यात कॉटनने आठ-नऊ वर्षांपूर्वी पुढाकार घेतला होता, ते येथे त्याच्या गिऱ्हाइकाच्या विरुद्ध उपयोगी पडले. १५ सप्टेंबरला सैन्य लातूरला आणि तेथून मोमिनाबादकडे, म्हणजे अंबाजोगाईकडे, सरकले. १७ सप्टेंबरच्या पहाटे बिदर हाती आले. त्याच दिवशी युद्धबंदी झाली आणि १८ तारखेस जनरल एल इद्रूस यांनी शरणागती दिली. मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, आणि तो योग्यच आहे. संस्थानी जुलमाचा आणि रझाकारी दहशतीचा त्या दिवशी अंत झाला.

परंतु मोंढ्याचा हिशेब त्या दिवशी मिटला नाही. पंतप्रधान नेहरूंच्या सूचनेवरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानाचा दौरा केला. सोळांपैकी नऊ जिल्हे समितीने पाहिले. कारवाईच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी, असा समितीचा अंदाज होता. सर्वांत अधिक हानी झालेले चार जिल्हे तिने नमूद केले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे आजच्या लातूर जिल्ह्याचा बहुतेक मुलूख यात येतो. लातूर शहराविषयी समितीने जे लिहिले त्यात कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेथील हत्याकांड वीस दिवसांहून अधिक चालले. सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार आढळले. हजारावर मारले गेले होते आणि उरलेले सर्वस्व गमावून निघून गेले होते. हा अहवाल सरकारने दीर्घकाळ प्रसिद्ध केला नाही. अभ्यासकांच्या हाती तो पुष्कळ वर्षांनंतर आला.

यातील कारणपरंपरा नीट पाहिली पाहिजे. उन्हाळ्यात ज्या दुकानदाराने रझाकारांच्या भयाने दुकानास कुलूप लावले तो हिंदू होता. भाद्रपदानंतर ज्याचे दुकान लुटले गेले तो मुसलमान होता. रझवी लातूरचे म्हणून लातूरच्या गंजातील कच्छी व्यापारी त्यांच्या कृत्यांस जबाबदार धरला गेला. या जुलमाने त्या जुलमाचे समर्थन होत नाही, तसेच पहिल्या जुलमाचा उल्लेख गाळून दुसऱ्याचे वर्णन करणेही इतिहासाला शोभणारे नाही. दोन्ही नोंदी एकाच वहीत आल्या पाहिजेत.

त्याच अहवालातील आणखी एक निरीक्षण या संदर्भात फार मोलाचे आहे. ठिकठिकाणी हिंदूंनी प्राण धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांचे रक्षण केले आणि हा बंधुभाव एकाच व्यवसायातील लोकांत विशेष दिसला, असे समिती सांगते. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचविताना स्वतःचे बळी दिल्याचा दाखला तिने दिला आहे. रोजच्या व्यवहाराने जोडलेले संबंध राजकारणाच्या तडाख्यात काही प्रमाणात तरी टिकतात, असा याचा अर्थ होतो.

७

कॉटनवर इंग्लंडमध्ये खटला झाला आणि त्यास दोनशे पौंड दंड करण्यात आला. त्यानंतर त्याने इतर उद्योग केले. १३ फेब्रुवारी १९६९ रोजी तो मरण पावला आणि त्याच वर्षी त्याची जीवनकथा ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. असामान्य वैमानिक म्हणून त्याची ओळख करून देणाऱ्या त्या कथेत हैदराबाद हे एक प्रकरण आहे. त्याच्यापुरता तो व्यवहार दोनशे पौंडांत मिटला.

मराठवाड्याच्या खतावणीत मात्र ते प्रकरण बंद झाले नाही. निजामाने विमाने दिली तेव्हा त्यांचा खर्च प्रजेकडून वसूल झाला. कॉटनची विमाने आली तेव्हा त्यांनी दिलेल्या खोट्या धीराची किंमत प्रजेने मोजली. आणि सत्तेचा तोल बदलला तेव्हा मोंढ्यातील एका भागाने ती पुन्हा एकदा मोजली. युद्धाचा इतिहास वैमानिकाच्या उंचीवरून पाहिला म्हणजे रस्ते, सैन्ये आणि सरहद्दी दिसतात. तोच इतिहास लातूरच्या गोलाईतून किंवा नांदेडच्या मोंढ्यातून पाहिला म्हणजे कोणाचे दुकान केव्हा बंद झाले आणि ते पुन्हा कोणाच्या नावाने उघडले, हे दिसते. पहिल्या प्रकारची साधने मुबलक आणि इंग्रजीत आहेत. दुसऱ्या प्रकारची साधने जुन्या कीर्दींत, आडत दुकानांच्या कागदपत्रांत, नगरपालिकांच्या दप्तरांत आणि लोकांच्या बोलण्यात विखुरलेली आहेत, आणि ती मराठी, उर्दू व मोडी अशा तीन वाटांनी गाठावी लागतात. मराठवाड्यातील विद्यापीठांच्या अभ्यासकांनी हे काम हाती घेतल्याखेरीज १९४८ चा इतिहास अर्धाच राहील. त्या काळातून वाचलेल्यांपैकी आता फार थोडे उरले आहेत, ही गोष्ट ध्यानात घेता या कामास विलंब परवडणारा नाही.